थेंब सुकावा कुठे?
(धातूवर सिरॅमिकचे संरक्षक पटल कसे चढवतात)

बहुतेक घरांत जुन्या इनॅमलचा एखादा मग किंवा ताटली अजून असते. पांढरीशुभ्र, निळ्या काठाची. तिच्या काठाचा कुठेतरी टवका उडालेला असतो आणि तेवढ्याच जागी तांबूस गंज धरलेला असतो. त्याच फळीवर ॲल्युमिनियमचे पातेलेही असते. ते रोज घासले जाते, त्यावर ओरखडे पडतात, पण ते गंजून भोक पडल्याचे सहसा आढळत नाही.

या दोन्ही भांड्यांच्या धातूवर संरक्षक थर आहे. इनॅमलच्या मगावर काचेचा थर आहे. काचेची पूड लोखंडावर चढवून सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली की तो तयार होतो. त्याची जाडी एक-दोन दशांश मिलिमीटर असते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर आहे. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तो आपोआप तयार होतो. त्याची जाडी जेमतेम काही नॅनोमीटर, म्हणजे इनॅमलच्या थराच्या तुलनेत हजारो पटींनी कमी! तरीही जाड थराचे भांडे गंजले आणि पातळ थराचे टिकले. असे का व्हावे?

ॲल्युमिनियमला एक देणगी आहे. त्याचा थर फाटला तर क्षणार्धात तो पुन्हा तयार होतो. लोखंडाला ही देणगी नाही. लोखंडावर तयार होणारा गंज सच्छिद्र आणि भुसभुशीत असतो. त्यातून पाणी व हवा आत शिरतच राहतात. मग लोखंडावर किंवा पोलादावर आपणच ॲल्युमिनियम ऑक्साइड, झिर्कोनियम ऑक्साइड अशा सिरॅमिक पदार्थांचे पटल चढवले तर? हे पदार्थ कठीण असतात, उष्णता सहन करतात आणि त्यांचे आधीच ऑक्सिडीकरण झालेले असल्याने हवेला त्यांच्यावर करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. कल्पना सोपी आहे. अडचण येते ती पटल चढवताना.

दोन शत्रू

संरक्षक पटलाचे शत्रू दोन आहेत. पहिला शत्रू म्हणजे सुईच्या टोकाहूनही बारीक छिद्रे. पटल जितके पातळ, तितकी एखादे छिद्र थेट धातूपर्यंत पोचण्याची शक्यता अधिक. छिद्रातून खारट पाणी आत शिरले की गंज पटलाच्या खालून आडवा पसरतो. वरून पाहणाऱ्याला पटल शाबूत दिसते आणि खाली धातू पोखरलेला असतो.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे थर जाड करणे. पण तिथे दुसरा शत्रू उभा असतो. घराच्या भिंतीला चुन्याचे हातावर हात दिले की काही वर्षांनी त्याचे मोठमोठे पोपडे निघतात, हे आपण पाहिले आहे. पातळ थराचे इतक्या सहजी पोपडे निघत नाहीत. सिरॅमिकचेही तसेच आहे. यामागचे कारण अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला गणित करून पाहता येईल असे आहे.

स्टेनलेस स्टीलची १० सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या. तिच्यावर ५०० अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम ऑक्साइडचे पटल चढवले. त्या तापमानाला दोघांची लांबी तंतोतंत जुळते, कारण पटल तिथेच जन्माला आले आहे. आता पट्टी २५ अंशांपर्यंत थंड होऊ द्या. स्वयंपाकघरात वापरतात त्या प्रकारच्या स्टेनलेस स्टीलचा प्रसरणांक दर अंशाला दहा लाखांत सुमारे १७ भाग आहे, तर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा सुमारे ८ भाग. ४७५ अंशांच्या फरकाने पट्टीला सुमारे ०.८१ मिलिमीटरने आखडायचे असते, तर पटलाला फक्त ०.३८ मिलिमीटरने. दोघे एकमेकांना चिकटलेले आहेत. पट्टी जाड असल्याने तिचेच चालते आणि पटल जवळजवळ ०.४३ मिलिमीटर जास्तीचे दाबले जाते. दाबलेल्या पटलात ऊर्जा साठते. संधी मिळताच ते मध्येच फुगते आणि तडकून सुटते.

ही साठलेली ऊर्जा पटलाच्या जाडीच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली तर दर चौरस सेंटिमीटरला साठलेली ऊर्जाही दुप्पट होते. पण पटल धातूपासून सुटे करायला लागणारी ऊर्जा फक्त दोघांच्या सीमेवर अवलंबून असते. जाडी वाढवून ती वाढत नाही. म्हणजे एका विशिष्ट जाडीनंतर पोपडा निघणे हा ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचा सौदा ठरतो!

थोडक्यात, पातळ पटलाला छिद्रे राहतात आणि जाड पटलाचे पोपडे निघतात. आपल्याला हवे आहे ते पातळ, तरीही छिद्रे नसलेले पटल. असे पटल चढवण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यातला कमी खर्चाचा, पण कौशल्याची परीक्षा पाहणारा मार्ग म्हणजे एरोसोल.

तुषारांचे गणित

वायूत तरंगणारे द्रवाचे किंवा घनाचे सूक्ष्म कण म्हणजे एरोसोल. मराठी परिभाषेत त्याला वायुकलिल म्हणतात. धुके, धूर, डास मारण्याचा फवारा ही त्याची परिचित उदाहरणे. एरोसोल वापरून पटल चढवण्याच्या सर्वांत साध्या पद्धतीचे नाव आहे स्प्रे पायरोलिसिस. हव्या त्या धातूचे एखादे संयुग पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवायचे, त्या द्रावणाचा फवारा तापलेल्या पट्टीवर मारायचा. द्रावक उडून जातो, संयुगाचे उष्णतेने विघटन होते आणि पट्टीवर ऑक्साइडचे पटल उरते. १९६६ साली चेंबरलिन आणि स्कारमन यांनी या पद्धतीने कॅडमियम सल्फाइडची पटले तयार केली. त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीने विविध ऑक्साइडांची पटले तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे झाले आहे. निर्वात कक्ष लागत नाही, महागडी यंत्रे लागत नाहीत, हे तिचे मोठे आकर्षण.

द्रावण पट्टीवर नुसते ओतले तर काय बिघडते? थोडा हिशेब करू. एक लीटर द्रावणाचे २० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर सुमारे २४ हजार कोटी थेंब होतात आणि त्यांचे एकूण पृष्ठफळ ३०० चौरस मीटर भरते. म्हणजे उष्णतेची देवाणघेवाण आणि बाष्पीभवन अतिशय वेगाने होते. शिवाय प्रत्येक थेंबात पदार्थ अगदी थोडा असतो. द्रावणाच्या दर लीटरमध्ये ॲल्युमिनियमचा एक दशांश मोल असेल, तर त्यातून सुमारे ५ ग्रॅम ॲल्युमिनियम ऑक्साइड मिळेल. त्याची घनता ध्यानात घेता त्याचे आकारमान थेंबांच्या आकारमानाच्या साधारण पावणेआठशेव्या भागाइतके भरते. घनमूळ काढले की व्यासाचे गुणोत्तर येते: सुमारे ९ ला १. २० मायक्रॉनचा थेंब पूर्ण सुकला तर त्यातून साधारण २ मायक्रॉनचा कण उरेल.

हा कणसुद्धा पटलाच्या दृष्टीने मोठाच आहे. अर्ध्या मायक्रॉनचे पटल विणायचे असेल तर त्यात २ मायक्रॉनचा कण म्हणजे शाल विणताना लोकरीऐवजी दोरखंड घेण्यासारखे होईल. म्हणून थेंब आणखी लहान करतात. त्यासाठी श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग होतो. द्रावणाच्या तळाशी स्फटिकाची चकती सेकंदाला १७ लाख वेळा कंप पावते आणि पृष्ठभागावरून धुके उठते. पाण्याच्या बाबतीत या धुक्यातील थेंबांचा व्यास सुमारे ३ मायक्रॉन येतो. दम्याच्या रुग्णांना औषध देण्याच्या नेब्युलायझरचा एक प्रकार याच तत्त्वावर चालतो. ३ मायक्रॉनच्या थेंबातून उरणारा कण जेमतेम एक तृतीयांश मायक्रॉनचा असतो.

तव्यावरचे चार थेंब

आता खरा प्रश्न येतो. हा थेंब सुकावा कुठे? उत्तरासाठी आपण स्वयंपाकघरातल्या तव्याकडे जाऊ. मध्यम तापलेल्या तव्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब टाका. तो चुरचुरतो, सुकतो आणि मागे पांढरे कडे ठेवतो. कडेला मीठ दाट आणि मधोमध विरळ. तवा खूप तापला, साधारण २०० अंशांच्या पुढे गेला, की थेंब चिकटतच नाही. त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते आणि तो तव्यावर नाचू लागतो. याला लायडनफ्रॉस्ट परिणाम म्हणतात.

फवाऱ्यातील थेंबाच्या वाट्यालाही वेगवेगळी भवितव्ये येतात. १९७५ साली व्हिगिए आणि स्पिट्झ या संशोधकांनी त्यांची चार प्रकारांत मांडणी केली.

पहिला प्रकार: पट्टी पुरेशी तापलेली नाही किंवा थेंब मोठा आहे. थेंब ओलाच आपटतो, पसरतो आणि मग सुकतो. तव्यावरच्या मिठासारखी कडी उमटतात. पटल खडबडीत होते आणि सुकताना आक्रसून त्याला उन्हात वाळलेल्या चिखलासारख्या भेगा पडतात.

दुसरा प्रकार: थेंब वाटेतच सुकतो. पट्टीवर घन कण येऊन बसतो आणि तिथे त्याचे विघटन होते. काही कण चिकटतात, काही उसळून जातात. कणाकणांमध्ये मोकळ्या जागा राहतात.

तिसरा प्रकार: थेंबातील द्रावक पट्टीच्या अगदी जवळ आल्यावर उडून जातो. उरलेल्या संयुगाचीही वाफ होते आणि ही वाफ पट्टीला भिडल्यावर तिथेच रासायनिक क्रिया होते. इथे पटल थेंबाथेंबाने नव्हे, तर रेणूरेणूने वाढते. रेणू खाचाखोचांत शिरतात. घट्ट, सलग पटल मिळते ते या प्रकारात.

चौथा प्रकार: उष्णता फारच जास्त आहे. सगळी क्रिया हवेतच पुरी होते आणि पट्टीवर नुसती पूड पडते. बोट फिरवले की निघून येते.

म्हणजे थेंब फार लवकर सुकून चालत नाही आणि फार उशिराही नाही. त्याने पट्टीच्या उंबरठ्यावर सुकले पाहिजे. पट्टीचे तापमान, थेंबाचा आकार, फवाऱ्याचे अंतर, हवेचा वेग या सगळ्या गोष्टी जुळवायच्या त्या यासाठी. शिवाय प्रत्येक थेंब पट्टीची थोडी उष्णता घेऊन जातो. सतत फवारत राहिले तर पट्टी थंड होते आणि आपण नकळत तिसऱ्या प्रकारातून पहिल्या प्रकारात घसरतो. म्हणून काही सेकंद फवारा, मग थोडी विश्रांती, पुन्हा फवारा असा क्रम ठेवावा लागतो.

काचेवर जमते, पोलादावर फसते

संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात मी एक चूक केली होती. ती इथे सांगतो, कारण तिच्यातून मी बरेच शिकलो. काचेवर उत्तम पटले तयार करून माझा हात बसला होता. तीच कृती मी साध्या पोलादाच्या पट्टीवर केली. द्रावण क्लोराइडचे होते. पटल दिसायला देखणे आले. पाण्यावर रॉकेलचा तवंग पसरला की जसे रंग दिसतात, तसे जांभळे-हिरवे रंग त्यावर खेळत होते. मी पट्टी मोठ्या अभिमानाने सर्वांना दाखवली आणि टेबलावर ठेवून घरी गेलो. दिवस पावसाळ्याचे होते. दुसऱ्या दिवशी पटलाला ठिकठिकाणी फोड आले होते. टाचणीने टोचताच खपली निघाली आणि खाली गंज होता. संरक्षणासाठी चढवलेल्या पटलाने गंजाला निमंत्रण दिले होते!

चुका दोन होत्या. क्लोराइडचे पाण्याच्या वाफेबरोबर विघटन होताना हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. काचेला त्याचे सोयरसुतक नसते, पण पोलादाला ते झोंबते. शिवाय सीमेवर अडकलेला क्लोराइडचा अंश दमट हवेत पुढेही आपले काम करत राहतो. दुसरी चूक अशी की, साधे पोलाद हवेत तापवले की फवारा सुरू होण्यापूर्वीच त्यावर त्याचा स्वतःचा सैल ऑक्साइड तयार होतो. माझे पटल पोलादाला चिकटलेच नव्हते. ते त्या भुशावर बसले होते. कल्हईवाला भांडे तापवून नवसागर टाकून पुसतो आणि मगच कथील फिरवतो, ते उगाच नव्हे. स्वच्छ धातू मिळाल्याशिवाय कथील धरत नाही, हे त्याला ठाऊक असते. मला ते पदवीनंतर कळले.

म्हणून धातूसाठी क्लोराइड टाळून ॲसिटिलॲसिटोनेटसारखी सेंद्रिय संयुगे अल्कोहोलमध्ये विरघळवून वापरतात. साध्या पोलादाऐवजी घट्ट क्रोमियम ऑक्साइड असलेले स्टेनलेस स्टील हा अधिक चांगला पाया ठरतो. आणि पोपड्यांचा धोका कमी करायचा तर झिर्कोनियम ऑक्साइड निवडावे. त्याचा प्रसरणांक दर अंशाला दहा लाखांत सुमारे १० भाग, म्हणजे धातूच्या थोडा जवळ येतो. एक जाड थर देण्याऐवजी दोन-तीन पातळ थर दिले की एका थरातले छिद्र दुसऱ्या थराने बुजते, कारण दोन थरांतली छिद्रे नेमकी एकावर एक येणे अवघड असते. मात्र एकूण जाडी पोपड्याच्या मर्यादेत ठेवावी लागते.

न तापवताच?

तापवल्यामुळे एवढे त्रास होतात, तर न तापवता पटल चढवता येईल का? १९९० च्या दशकात जपानमधील त्सुकुबा येथे जुन आकेडो यांनी याचे होकारार्थी उत्तर दिले. त्यांच्या पद्धतीत द्रावण नसते. सिरॅमिकची साधारण एक मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक कोरडी पूड वायूत मिसळून एरोसोल करतात आणि हवा काढून घेतलेल्या कक्षात ती नळीच्या अरुंद तोंडातून पट्टीवर मारतात. कणांचा वेग सेकंदाला काहीशे मीटर असतो. पट्टी खोलीच्या तापमानाला असूनही घट्ट पटल तयार होते.

कण आपटून वितळत असतील, असा पहिला अंदाज कुणीही करील. तो तपासून पाहू. सेकंदाला ३०० मीटर वेगाच्या एक किलोग्रॅम पुडीची गतिज ऊर्जा ४५,००० ज्यूल होते. ॲल्युमिनियम ऑक्साइडची विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला व दर अंशाला सुमारे ८५० ज्यूल. सगळी ऊर्जा उष्णतेत बदलली तरी तापमान सरासरी जेमतेम ५० अंशांनी वाढेल. वितळबिंदू मात्र २,०५० अंशांच्या आसपास! म्हणजे वितळण्याचा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात कण आपटताना फुटतो, चेपला जातो आणि त्याचे काही दशक नॅनोमीटर आकाराचे स्फटिक होतात. फुटल्यामुळे उघडे पडलेले ताजे पृष्ठभाग शेजाऱ्यांशी बंध जोडतात. मागून येणारे कण हातोड्यासारखे पटल ठोकून घट्ट करतात.

कक्षातली हवा काढावी लागते, त्याचे कारण एसटीच्या समोरच्या काचेवर दिसते. धावत्या गाडीच्या काचेवर मोठे किडे आपटतात, पण बारीक धूळ वळलेल्या हवेबरोबर बाजूने निघून जाते. अतिसूक्ष्म कणांचेही तसेच होते. हवा विरळ केली की ते न वळता पट्टीपर्यंत पोचतात. उलट कण फार मोठे घेतले तर ते पटल चढवण्याऐवजी वाळूच्या माऱ्यासारखे पट्टीच खरवडून काढतात. इथेही आकाराचा तोल साधावाच लागतो. या पद्धतीने चढवलेली यिट्रियम ऑक्साइडची पटले आज संगणकाच्या चिप बनवण्याच्या यंत्रांमधील कक्षांना प्लाझ्माच्या झिजेपासून वाचवतात. मात्र पटल ठोकून बसवल्यामुळे त्यात दाबाचा ताण साठतो. तेव्हा पोपड्याचा नियम इथेही सुटत नाही.

वर्गात करून पाहा

पटलाची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत, पण ती दाखवता येतात. लोखंडाचे चार खिळे पॉलिश-पेपरने चकचकीत घासा. एक तसाच ठेवा. दुसऱ्याला नखपॉलिशचा एक हात द्या, तिसऱ्याला वाळवून वाळवून तीन हात द्या. चौथ्यालाही तीन हात द्या, पण वाळल्यावर सुईने एक ओरखडा काढा. चारही खिळे मोरचुदाच्या सौम्य द्रावणात दहा मिनिटे बुडवा. उघड्या लोखंडावर तांबे जमते. पहिला खिळा सगळा लालसर होईल. इतरांवर लाल ठिपके जिथे उमटतील तिथे पटल अपुरे आहे असे समजावे. खिळ्याचे टोक आणि डोक्याची कड यांकडे विशेष लक्ष द्या. मोरचूद विषारी आहे. प्रयोगानंतर हात धुवायला लावा.

मग तिसरा खिळा विद्यार्थ्यांच्या हाती देऊन विचारा: याला आणखी दहा हात दिले तर तो अधिक सुरक्षित होईल का? बहुतेक मुले लगेच 'हो' म्हणतील. त्यांना इनॅमलचा मग दाखवा आणि थोडा वेळ थांबा.